मशीन तुमच्या नावावर, लाईट बिल आमच्या नावावर

प्रति,
मुंबईत शाश्वत शहर, सोशल आंत्रप्रेन्युअरशिप आणि कम्युनिटी पार्टनरशिप या विषयांवर काम करणाऱ्या सगळ्या ताई-दादांना आणि सर-मॅडमना,

नमस्कार.

मी मानखुर्दला राहते. आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव आहे, दोन वर्षं तुमच्यातल्याच एका संस्थेसाठी मानधनावर कम्युनिटी मोबिलायझर म्हणून पण काम केलंय. मला लिहायची सवय फक्त गटाच्या इतिवृत्ताची आणि हिशोबाच्या वहीची, त्यामुळे कुठे वाक्य लांबलं तर सांभाळून घ्या. संस्थेचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये. एकाच संस्थेचं असतं तर त्यांच्या ऑफिसात जाऊन बोलले असते, तशी गेले पण होते, रिसेप्शनवर पाणी मिळालं.

झालं असं की मागच्या महिन्यात मुलीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. बीकेसीतलं हॉटेल, थंडगार हॉल, मागे माणसाएवढा स्टँडी, म्हणजे उभा फलक, आणि त्याच्यावर आमच्या गल्लीतल्या आक्का, हातात हिरवा डबा, तोंडभर हसू. खाली काय लिहिलंय ते मुलीने वाचून सांगितलं, की हे मॉडेल आता पूर्णपणे वस्तीच्या मालकीचं आहे आणि स्वतःच्या पायावर उभं आहे. आक्कांना हा फोटो कधी काढला तेही आठवत नव्हतं. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात लाईट कंपनीचा माणूस आमच्या वस्तीतल्या कचरा-खत केंद्राच्या शेडचं मीटर कापायची नोटीस घेऊन माझ्या दारात उभा, कारण मीटर आमच्या गटाच्या नावावर. थकलेली रक्कम साडेअठरा हजार. कचरा बारीक करणाऱ्या ज्या श्रेडरने ही वीज खाल्ली ते मशीन मात्र संस्थेच्या नावावर, त्याच्यावर त्यांचा आणि पैसे देणाऱ्या कंपनीचा स्टिकर आहे. आमचं नाव फक्त बिलावर.

मग मी ठरवलं की आता लिहायचंच.

माझा या विषयाशी काय संबंध ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पैशासाठी ओरडतेय. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. गिरणीत तीन पाळ्यांत जाणाऱ्या माणसांना डबे आणि घरात बसवून जेवण, दहा बाय बाराच्या खोलीत. तेव्हा अशा शेकडो बायका होत्या, सावकाराच्या व्याजात पिचलेल्या, आणि 1975 ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. त्याला कोणी सोशल एंटरप्राइज म्हणत नव्हतं, खानावळवाल्यांचं मंडळ म्हणायचे. पुढे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, जेवायला येणारेच गेले तर खानावळ कोणासाठी, आणि आमचं घर फिरत फिरत मानखुर्दला आलं. म्हणजे शहर बदलतं तेव्हा त्याचा खर्च कोणाच्या खोलीत येऊन पडतो हे मी सेमिनारमध्ये शिकले नाही.

देवनारचं डम्पिंग 1927 पासूनचं. त्याच्या वाऱ्यावर आम्ही राहतो. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा अख्ख्या मुंबईला धूर दिसला, आमच्याकडे शाळा बंद ठेवल्या होत्या, मुलगी तेव्हा लहान, ओला फडका नाकाला लावून बसलेली. म्हणून तुम्ही जेव्हा आलात आणि म्हणालात की ताई, कचरा इथेच वेगळा केला, इथेच जिरवला तर डम्पिंगवर कमी जाईल, तेव्हा मला कोणी पटवायला लागलंच नाही. मीच दारोदार फिरले. आमच्या गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत मिळून 140 घरं, प्रत्येक घरात मी स्वतः गेलेय, काही घरांत चार-चार वेळा. हे लक्षात ठेवा, कारण तुमचा प्रोजेक्ट संपला आणि तुम्ही गेलात, पण ती 140 घरं मला रोज नळावर भेटतात.

आता प्रोजेक्टचं सांगते, जसं झालं तसं.

संडास ब्लॉकच्या बाजूला पालिकेचा एक पडीक तुकडा होता, तिथे परवानगी काढून पत्र्याची शेड झाली. ओल्या कचऱ्यासाठी सहा ड्रम, सुक्याच्या वर्गीकरणाला टेबल, एक श्रेडर. उद्घाटनाला फुलं, शाल, नारळ. गटातल्या आठ जणी आलटून पालटून काम करणार, खत विकणार, सुका कचरा विकणार आणि दीड वर्षात सगळं आपल्या पायावर. हा दीड वर्षाचा आकडा एका एक्सेल शीटमधून आला होता. मी शीट बघितली होती, सगळं इंग्रजीत होतं, पण आकडे तर कोणालाही वाचता येतात, आणि त्यात खताचा दर असा लावला होता की मला तेव्हाच हसू आलं होतं. बोलले नाही. ती माझी चूक.

पहिली अडचण ओल्या कचऱ्याची. तुमचं गणित टॉवरमधल्या घरांचं होतं, जिथे अर्धी भाजी टाकतात. आमच्याकडे अन्न उरत नाही हो. उरतो तो चहाचा चोथा, कांद्या-लसणाची सालं, माशाची खवलं आणि काटे, अंड्याची टरफलं. हे नुसतं ड्रममध्ये घातलं तर पाणी सुटतं, आंबतं, वास मारतं. त्यात भुसा किंवा सुका पाला मिसळावा लागतो, वरचेवर हलवावं लागतं, हवा खेळली पाहिजे, तेव्हा कुठे महिना-दीड महिन्यात खत तयार होतं. भुसा पहिले आठ महिने संस्थेकडून आला. मग लाईन आयटम संपला. हा शब्द मी तेव्हा शिकले, लाईन आयटम, म्हणजे बजेटमधली त्या खर्चाची ओळ. भुसा संपला आणि पंधरा दिवसांत ड्रममध्ये अळ्या वळवळायला लागल्या, संडासला जाणारी माणसं शेडकडे बघून थुंकायला लागली आणि शिव्या पडल्या त्या आम्हा आठ जणींना.

सुक्या कचऱ्याचं त्याहून वाईट. जे विकलं जातं, म्हणजे पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्रा, ते आमच्या शेडमध्ये यायच्या आधीच जातं. कोण घेतं? वेचायला येणाऱ्या बाया घेतात आणि कोपऱ्यावरचा भंगारवाला घेतो. ही साखळी तुमच्या आधीपासून आहे, इथून धारावीतल्या भंगाराच्या तेरा कंपाउंडपर्यंत जाते, तिला कोणाचं लॉन्च लागलं नव्हतं. शेडमध्ये उरतात वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे, ज्याला भंगारवाला हात लावत नाही. तुम्ही म्हणालात की पॅकेट बनवणाऱ्या कंपन्यांवरच आता जबाबदारी आहे, ईपीआरचा, म्हणजे त्याच जबाबदारीचा, पैसा येईल, त्या पाकिटांनाही भाव मिळेल. चार पोती भरून ठेवली आम्ही. जूनमध्ये शेडमध्ये घोट्याएवढं पाणी शिरलं, चारही पोती गटारात गेली आणि गटार तुंबलं. तुंबलेलं गटार आमच्याच घरच्या माणसांनी काढलं.

आता तक्रारी. क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तुम्ही येण्याआधी इथे हे काम कोण करत होतं हे विचारलंच नाही. चार बाया होत्या, पहाटे साडेचारला गोणी घेऊन यायच्या, आमच्या 140 घरांचा सुका कचरा हीच त्यांची रोजी. शेड झाल्यावर आम्हीच घरोघर सांगितलं की कुणाला देऊ नका, शेडमध्ये द्या. म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली चार गरीब बायांच्या पोटावर आम्ही आठ गरीब बायांनी पाय दिला, आणि मिळालं काय तर कोणालाच काही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना ओळख द्या, व्यवस्थेत सामावून घ्या असं लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तुम्हाला तर आधीच माहीत असणार, तुम्ही त्याच्यावर पोस्टर बनवता. त्यातल्या एका मावशी अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी नळावर गेले की हंडा उचलून बाजूला होतात.

दुसरी गोष्ट, आमच्या वेळेला किंमत शून्य. तुमच्या प्रपोजलमध्ये कम्युनिटी कॉन्ट्रिब्युशन नावाची एक ओळ असते. ती ओळ म्हणजे आम्ही. सकाळी चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई दुपारी दोन ते पाच शेडमध्ये उभी राहते ते कॉन्ट्रिब्युशन, आणि तिला कसं उभं राहायचं हे शिकवायला येणारा कन्सल्टंट मात्र दिवसाच्या हिशोबाने फी घेतो. वर्कशॉप सकाळी अकराला ठेवता आणि मग रिपोर्टमध्ये लिहिता की महिलांचा सहभाग अपेक्षेपेक्षा कमी. अहो, अकराला आम्ही तुमच्याच बिल्डिंगमध्ये लादी पुसत असतो.

नकाशांचं मात्र मला सांगायलाच पाहिजे. गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीचा नकाशा सहा वेळा काढून झाला. दोनदा रांगोळीने, तीनदा चार्ट पेपरवर, एकदा टॅबवर. प्रत्येक वेळी नवीन अधिकारी, नवीन फेलो, आणि प्रत्येक वेळी तोच उत्साह, चला ताई आपण आधी वस्ती समजून घेऊया. पोरं चांगली असतात, मनापासून बसतात, आमच्यात चहा पितात, एक ताई तर पावसात रात्री थांबली होती आमच्याबरोबर, तिला मी कधी विसरणार नाही. पण ती पोरं वर्षा-दोन वर्षांत जातात, कुणी परदेशी शिकायला, कुणी दुसऱ्या संस्थेत, आणि जे समजून घेतलेलं असतं ते त्यांच्याबरोबर जातं. मग परत पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या भिंतीवर. तुमच्या मुख्य समस्या लिहा. सहा वर्षं मी एकच चिठ्ठी लिहितेय, संडासच्या मागचं गटार. सहाही नकाशांत ते गटार निळ्या रंगात आहे आणि प्रत्यक्षात जसंच्या तसं आहे.

आणि सर्व्हे. घरात किती माणसं, कमाई किती, कर्ज किती, पाळीच्या वेळी काय वापरता, आधारचा नंबर काय, इथपर्यंत सगळं विचारून झालं. ते कुठे जातं, कोण बघतं, कोणी सांगत नाही. 2023 ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्यात असं आहे की माहिती कशासाठी घेताय याची सूचना माणसाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्या यादीत आहे. आक्कांचा फोटो ज्या हॉटेलात उभा होता तिथे त्यांना गेटवरच्या सिक्युरिटीने आत सोडलं नसतं, आणि त्यांना विचारलंही नव्हतं की तुमचा फोटो लावू का. विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या. फोटो काढून घ्यायची हौस आहे त्यांना, चांगली साडी नेसल्या असत्या.

भाषेबद्दल जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. वस्तीत मीटिंग मराठी-हिंदीत आणि करार इंग्रजीत. मी ज्या एमओयूवर, म्हणजे करारावर, सही केली तो अकरा पानांचा होता. त्यात कलम होतं की प्रोजेक्ट संपल्यावर केंद्राचा दैनंदिन खर्च स्थानिक गट उचलेल. हे मला सही करून दोन वर्षांनी कळलं, मुलगी कॉलेजला गेली तेव्हा.

मग प्रोजेक्ट बंद होणं. एक ईमेल आला, तोही मला नाही, फेडरेशनच्या ताईंना, की फंडिंग सायकल पूर्ण झाल्यामुळे आपण आता एक्झिट फेजमध्ये आहोत. कळवलं कधी, तर मार्चच्या वीस तारखेला, आणि फेज संपणार एकतीसला. मला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी द्यायच्या पैशाचे, नियम थोडेफार माहीत आहेत, मुलीने समजावले. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायला लावलं, तेव्हापासून मार्च महिना आमच्या वस्तीत पण येतो, फेब्रुवारीपासून बॅनर लागायला लागतात. पण त्याच नियमांत अनेक वर्षं चालणारा प्रोजेक्टही बसतो, सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. म्हणजे कायदा हात बांधत नाही, दरवर्षी एकतीस मार्चला दुकान बंद करायची सवय तुमची आहे, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची दोघांची.

अजून एक कळलं आणि ते वाचून मी दोन दिवस चिडलेली होते. 2021 च्या जानेवारीत हे सीएसआरचे नियम बदलले. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कोणाच्या नावावर ठेवता येते याची यादी त्यात आहे. नोंदणीकृत संस्था चालते, सरकारी यंत्रणा चालते, आणि ज्यांच्यासाठी प्रोजेक्ट आहे त्यांचा बचत गट पण चालतो. स्पष्ट लिहिलंय. म्हणजे श्रेडर पहिल्या दिवसापासून आमच्या नावावर करता आला असता. तुम्हाला बचत गटाचं नाव आठवलं ते फक्त मीटर घेताना.

खरं सांगायचं तर बचत गटाला सीएसआरचा पैसा थेट घेता येत नाही हेही मला समजतं. ट्रस्ट, सोसायटी नाहीतर सेक्शन 8 कंपनी, म्हणजे नफ्यासाठी नसलेली कंपनी, लागते, नोंदणीचा नंबर लागतो, तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे मध्ये कोणीतरी लागणारच, आणि ते तुम्ही आहात, त्याला माझी हरकत नाही. ऑडिट, ऑफिस, पगार, सगळ्याला पैसे लागतात, तुम्ही पण पोटासाठीच करता, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा पगार काही फार नाही हे मला दिसतं. पण मग मध्यस्थ आहोत असं म्हणा. पार्टनर कशाला म्हणता? आमच्याकडे पार्टनर म्हणजे गाळ्यात निम्मा हिस्सा, निम्मं कर्ज, आणि गल्ल्याची चावी दोघांकडे.

मुलीच्या कॉलेजमध्ये त्यांना एक शिडी शिकवतात. शेरी आर्नस्टाईन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1969 ला मांडलेली, लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं, वर भागीदारी, आणि सगळ्यात वर लोकांच्याच हातात कारभार. ती म्हणाली आई, तुमचा प्रोजेक्ट कितव्या पायरीवर? मी म्हटलं शिडी ठेवायला आमच्या खोलीत जागा कुठे आहे. हसण्यावारी नेलं, पण नंतर विचार केला तर मत विचारलं इथपर्यंतच आम्ही पोचलो होतो, चौथी पायरी. स्टँडीवर मात्र आम्हाला आठवीवर चढवून ठेवलंय.

कोणी म्हणेल की वस्तीतल्या बायांना धंदा जमत नाही. हे माझ्यासमोर एका मीटिंगमध्ये बोललं गेलंय, मी चहा देत होते म्हणून मला कळत नाही असं वाटलं असेल. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. तिथे लाटणारी बाई मालकीण आहे, नोकर नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ला उभी राहिली, आधी वेचकांची संघटना, ओळखपत्रं, हक्काची भाषा, आणि पंधरा वर्षांनी, 2008 ला, त्यातून झालेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेने महापालिकेशी थेट करार केला. घरटी शुल्क ठरलेलं, सुका माल वेचकांचा. त्यांनाही त्रास आहेत, कराराच्या मुदतवाढीसाठी झगडावं लागलं आहे, पण माझा मुद्दा पंधरा वर्षांचा आहे. आधी माणसं एकत्र आली, मग मशीन आलं. आमच्याकडे मशीन टेम्पोतून उतरलं आणि मग त्याला चालवायला माणसं शोधली, त्यात मी सापडले.

पालिकेला पण सोडत नाही मी. मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन 2022 च्या मार्चमध्ये आला, 2050 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढायचा, आणि कचरा, हवा, पूर सगळं त्यात. त्याच महिन्यात पालिकेची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता. शेडच्या परवानगीचं नूतनीकरण कुणाकडे मागायचं तर वॉर्ड ऑफिस म्हणतं संस्थेने अर्ज करावा, संस्था म्हणते आमचा प्रोजेक्ट बंद झाला. पण ते पत्र वेगळं लिहीन. हे तुम्हाला आहे.

तर आमच्या मागण्या या. गटाच्या बैठकीत वाचून, दोन वाढवून, एक खोडून नक्की केल्या आहेत.

साडेअठरा हजारांचं थकलेलं बिल संबंधित संस्थेने भरावं, आणि यापुढे कुठल्याही प्रोजेक्टचं मीटर गटाच्या नावावर घ्यायचं असेल तर पुढच्या तीन वर्षांच्या बिलाची तरतूद आधी गटाच्या बँक खात्यात जमा करावी.

श्रेडर आणि ड्रम गटाच्या नावावर लेखी करून द्या, नाहीतर येऊन घेऊन जा. गंजत ठेवू नका, शेडमध्ये मुलं खेळतात.

स्टँडी, रिपोर्ट, वेबसाईट, जिथे जिथे हे केंद्र वस्तीच्या मालकीचं आणि स्वतःच्या पायावर उभं असल्याचं लिहिलंय तिथे खरं लिहा. बंद आहे. का बंद पडलं तेही लिहा, म्हणजे पुढच्या वस्तीत भुसा आठव्या महिन्यात संपणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या 1 कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टचं मूल्यमापन, तेही काम संपून वर्ष झाल्यावर, नियमातच आहे. आमच्यासारखे छोटे प्रोजेक्ट त्यात बसत नाहीत, पण वर्षभराने एकदा येऊन बघायला कायदा कशाला लागतो? फक्त येताना फोटोग्राफर आणू नका.

करार मराठीत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा, प्रत्येक बाईला कळला की मग सही. आणि बजेटची एक प्रत भिंतीवर लावायची, कोणाला किती, भुसा किती महिने, कन्सल्टंटला किती. आमचा महिन्याचा हिशोब आम्ही असाच लावतो, चार आण्याचं लपत नाही.

कामाला मोबदला. तासाचा दर ठरवा. मोबदला देता येत नसेल तर तसं सरळ सांगा, कधी कधी आम्ही फुकटही करू, गणपतीत करतोच, पण मग ते आमच्या मर्जीने.

पहिल्या दिवशी वेचक बायांना आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बोलवा, आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावलंत तरी चालेल. ही मागणी मी घातली तेव्हा गटात वाद झाला. राहिली पण.

नकाशा सातव्यांदा काढायचा नाही. आधीचे सहा परत करा.

बाहेर पडायचं असेल तर निदान सहा महिने आधी सांगा, आणि ईमेलने नाही, शेडमध्ये बसून, 140 घरांसमोर. मी एकटीने उत्तरं द्यायची नाहीत.

एवढंच मागतोय. यात कुठेही आम्हाला नवीन मशीन, नवीन ॲप किंवा ट्रेनिंग हवंय असं लिहिलेलं नाही हे बघा.

माझ्याकडून जे चुकलं ते मी निस्तरायला घेतलंय. न वाचता सही केली ते गटात कबूल केलं, इतिवृत्तात लिहिलंय. त्या चार वेचक बायांपैकी दोघींच्या घरी जाऊन आले, एकीने चहा दिला. सुका कचरा आता परत त्यांनाच द्यायचा असं आमच्या गल्लीने ठरवलंय, वेगळा करून, धुऊन, पाकिटं सोडून. पाकिटांचं काय करायचं ते मात्र तुम्हीच सांगा, त्याची पदवी तुमच्याकडे आहे.

येत्या महिन्यातल्या कुठल्याही रविवारी संध्याकाळी चारनंतर या. त्याआधी नको, तीन-साडेतीनपर्यंत बाया कामावरून येतात आणि मग जेवतात. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, संडास ब्लॉक म्हणून विचारलंत की कोणीही दाखवेल. चटई आमच्याकडे आहे. लाईट असेलच असं नाही. येताना तो अकरा पानांचा कागद मराठीत करून आणा, आणि आक्कांचा स्टँडी पण घेऊन या, त्यांना घरी लावायचाय.

आपली,
सचिव, महिला बचत गट,
मानखुर्द, मुंबई